‘खबऱ्या’ शब्दाची कुळकथा

पोलिसांना किंवा अन्य सरकारी यंत्रणेला गुन्ह्याची, गुन्हेगाराची अथवा चोरट्या मालाची गुपचूप माहिती पुरवणाऱ्या माणसाला बोली मराठीत ‘खबऱ्या’ म्हणतात. पोलीस ठाण्याच्या कागदावर तोच माणूस ‘गुप्त बातमीदार’ असतो, हिंदी चित्रपटांच्या वळणाने बोलणाऱ्या मुंबईत तो ‘खबरी’ होतो आणि ज्याच्याविषयी त्याने माहिती दिली त्याच्या तोंडी तो ‘फितूर’ ठरतो. काम एकच, माणूसही एकच. बदलते ती बोलणाऱ्याची जागा. या चार शब्दांपैकी ‘खबऱ्या’ हा सर्वांत अस्सल मराठी घडणीचा शब्द आहे आणि त्याच्या अर्थाची सगळी गंमत त्याच्या धातूत नसून शेवटी लागलेल्या ‘या’ या एका अक्षरात आहे.

शब्दाचे मूळ अरबी ‘खबर’ हे आहे. बातमी, वार्ता, माहिती असा त्याचा साधा अर्थ असून त्यात कमीपणाची छटा मुळीच नाही. ‘अखबार’ हे त्याच शब्दाचे अरबी अनेकवचन, म्हणजे वर्तमानपत्राच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘खबरा’ एवढाच होतो. हिंदी-उर्दूत खबऱ्यासाठी वापरला जाणारा ‘मुखबिर’ हा शब्दही ख-ब-र याच तीन व्यंजनांच्या धातूवर बांधलेला असून त्याचा अर्थ ‘खबर देणारा’ असा आहे. फारसीने आपला ‘दार’ हा प्रत्यय लावून ‘खबरदार’ घडवला, ज्याचा मूळ अर्थ ‘खबर बाळगणारा, म्हणून सावध असलेला’ असा होता. मराठीत त्याची पुढे दटावणी झाली आणि आज ‘खबरदार!’ असे ओरडणाऱ्याला आपण बातमीविषयी काही बोलत आहोत याची जाणीवही नसते. ‘खबर घेणे’ म्हणजे विचारपूस करणे, आणि त्याच शब्दांत चांगले झोडपून काढणेही. पोलिसांकडे नोंदल्या जाणाऱ्या पहिल्या माहितीलाही मराठी कागदपत्रांत ‘प्रथम खबर’ असेच नाव आहे. मात्र ती देणारा माणूस ‘फिर्यादी’ म्हणवला जातो, खबऱ्या नव्हे. तो उघडपणे येतो, नाव-पत्ता लिहून देतो आणि खाली सही करतो. यावरून खबर देणे हे हलके काम नाही, सही न करता देणे हे हलके, असा भेद भाषेने पाळलेला दिसतो.

आता प्रत्ययाकडे वळावे. ‘या’ हा मराठीतील कर्तृवाचक, म्हणजे काम करणाऱ्याचा बोध करून देणारा प्रत्यय आहे. लाकूडतोड्या, वाटाड्या, सांगकाम्या, कळलाव्या हे सगळे त्याच साच्यातून निघालेले शब्द होत. लाकूडतोड्या आणि वाटाड्या यांत अपमान नाही. पण ते फारशा प्रतिष्ठेच्या कामाचे शब्दही नाहीत. याच ‘या’चा दुसरा एक संसार मराठी माणसाच्या हाकेत आहे. गणपतचा गण्या, रामचा राम्या, बाळचा बाळ्या होतो तेव्हा तिथे जवळीक असते, किंवा तुच्छता असते, किंवा दोन्ही एकाच वेळी असतात. ज्याला मान द्यायचा त्याच्या नावाला मात्र हा प्रत्यय कोणी लावत नाही. ‘खबऱ्या’त हे दोन्ही ‘या’ एकमेकांत मिसळले आहेत: कामाचा निर्देश करणारा आणि माणसाला एक पायरी खाली उतरवणारा. म्हणूनच ‘साहेबांचा खबऱ्या’ म्हणता येते, पण ‘खबऱ्यासाहेब’ म्हणता येत नाही. (लिहिताना ‘र’चा अर्धा आकार रफारासारखा डोक्यावर न जाता आडव्या रेघेसारखा ‘या’ला बिलगतो, ही खास मराठी लेखनाची खूण असून आचार्यांना आणि आचाऱ्यांना वेगळे ठेवण्याचे कामही तीच करते.) या शब्दाला रूढ स्त्रीलिंगी रूप नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे, कारण प्रत्यक्ष हेरगिरीत स्त्रिया नव्हत्या असे कोणताही काळ म्हणू शकणार नाही.

प्रत्यय बदलला की दर्जा कसा बदलतो, हे ‘बातमीदार’ या शब्दात लख्ख दिसते. हवालदार, फौजदार, जमादार यांच्या पंगतीत बसणारा ‘दार’ लागल्यामुळे बातमी पुरवणारा एकदम अधिकारपदावर जातो. आज तर हा शब्द वृत्तपत्राच्या प्रतिनिधीला लावला जातो आणि पोलिसांना आपला माणूस वेगळा दाखवण्यासाठी त्याच्यामागे ‘गुप्त’ हे विशेषण जोडावे लागते. मोगल दरबारात घडामोडी लिहून पाठवणारा ‘वाकेनवीस’ असे. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत ते पद ‘वाकनीस’ या रूपाने आले, संस्कृत नामकरणात ‘मंत्री’ झाले, आणि वाकनीस हे आडनाव महाराष्ट्रात आजही चालू आहे. खबऱ्या हे आडनाव कोणी लावलेले नाही.

जुन्या भारतीय परंपरेकडे पाहिले तर गुप्तपणे माहिती मिळवणाऱ्याविषयी नाक मुरडण्याची वृत्ती तिथे जवळजवळ आढळत नाही, निदान राजाच्या बाजूने लिहिणाऱ्यांत तरी नाही. ऋग्वेदात वरुणाचे ‘स्पश’ येतात. हे त्याचे हेर असून माणसांच्या कृत्यांवर लक्ष ठेवण्याचे काम त्यांच्याकडे आहे. ‘स्पश’ हा शब्द ‘पाहणे’ या अर्थाच्या ज्या अतिप्राचीन धातूपासून आला, त्याच धातूची युरोपातील शाखा फ्रेंचमार्गे इंग्रजीत पोहोचून तिथे ‘स्पाय’ हा शब्द तयार झाला, त्यामुळे वरुणाचा सेवक आणि लंडनचा गुप्तहेर हे शब्दांच्या नात्याने चुलत भाऊ लागतात. माघ कवीने ‘शिशुपालवध’ या महाकाव्यात याच शब्दावर मोठा मार्मिक श्लेष साधला आहे. पतंजलीच्या व्याकरण-महाभाष्याच्या पहिल्या प्रकरणाला ‘पस्पशा’ म्हणतात. ‘अपस्पशा’ हे विशेषण एका तऱ्हेने फोडले तर ‘पस्पशा नसलेली’ असा अर्थ होतो आणि दुसऱ्या तऱ्हेने फोडले तर ‘हेर नसलेली’ असा होतो. त्या आधारे, पस्पशेवाचून व्याकरणविद्या शोभत नाही तशी हेरांवाचून राजनीती शोभत नाही, असे तो एकाच शब्दात सुचवून जातो. विद्वानांच्या सभेत हेराला यापेक्षा मानाची खुर्ची क्वचितच मिळाली असेल.

कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’च्या पहिल्याच अधिकरणात या व्यवसायाची पद्धतशीर मांडणी केली आहे. त्याचा शब्द ‘गूढपुरुष’ असा असून एका ठिकाणी राहून काम करणारे आणि फिरते, असे दोन गट तो कल्पितो. पहिल्या गटात विद्यार्थ्याचे सोंग घेतलेला ‘कापटिक’, संन्यासातून बाहेर पडलेला ‘उदास्थित’, उपजीविका बुडालेला शेतकरी म्हणजे ‘गृहपतिक’, व्यापारी ‘वैदेहक’ आणि जटाधारी ‘तापस’ हे येतात. दुसऱ्यात विष घालणारा ‘रसद’ जसा आहे तशी घरोघर प्रवेश मिळवणारी ‘भिक्षुकी’ही आहे. यातील निवड मोठी डोळस आहे. शेती बुडालेला शेतकरी आणि धंदा बसलेला व्यापारी यांना पैशाची निकड असते आणि गावाची खडान्‌खडा माहितीही असते, आणि आजच्या खबऱ्याची पात्रताही याहून वेगळी नाही. तीन वेगवेगळ्या हेरांचे म्हणणे जुळले तरच विश्वास ठेवावा, आणि ज्यांचे म्हणणे वारंवार चुकते त्यांना गुपचूप शिक्षा करावी किंवा कामावरून दूर करावे, असा त्याचा दंडक आहे.

मराठीत ‘हेर’ हा शब्द प्राकृतातून आला. ‘हेरणे’ म्हणजे टेहळणे, नेमके टिपणे; ‘हेर’ म्हणजे तसे पाहणारा. अरबी ‘जासूस’ ज्या धातूवरून आला त्याचा मूळ अर्थ हाताने चाचपणे असा आहे, म्हणजे एका भाषेने हेराचे डोळे टिपले आणि दुसरीने बोटे. तोच ‘जासूस’ मराठीत येताना ‘जासूद’ झाला आणि निरोप पोहोचवणारा धावपटू, टपाल्या, असाही अर्थ त्याला चिकटला. इ. स. १६९७ च्या सुमारास जिंजी येथे कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेल्या बखरीत बहिरजी जाधव नाईक हा जासूदांचा नाईक म्हणून येतो, आणि १६६४ च्या सुरतेच्या मोहिमेआधी तिथल्या संपत्तीची बातमी आणणारा म्हणून त्याचे नाव घेतले जाते. बहिर्जीला मराठी माणूस आदराने ‘नाईक’ म्हणतो आणि त्याच्यावर कादंबऱ्या लिहितो. सुरतेच्या मोगली अधिकाऱ्याने त्याला काय म्हटले असते, याची कल्पना करणे अवघड नाही.

आपल्या बाजूची बातमी पलीकडे पोहोचवणाऱ्यासाठी मात्र मराठीने वेगळी आणि जहाल शब्दावली राखून ठेवली आहे. ‘फितूर’ हा अरबी-फारसीतून आलेला शब्द. तिकडे त्याचे अर्थ ढिलाई, बिघाड, बखेडा असे होते. मराठीने ते सगळे सोडून देऊन केवळ विश्वासघात तेवढा उचलला आणि त्यावरून ‘फितवणे’ हे सकर्मक क्रियापदही घडवले, म्हणजे फितूर होण्याइतकेच फितूर करणेही भाषेत स्वतंत्र काम ठरले. माणूस ‘फुटतो’ आणि त्याला ‘फोडता’ येते, हे त्याचेच देशी भावंड. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण तर फितुरीचे सगळे शास्त्र एका ओळीत सांगते, कारण झाड तोडायला लोखंड पुरत नाही, झाडाच्याच कुळातले लाकूड लागते.

या शब्दावलीची धार महाराष्ट्राने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रत्यक्ष अनुभवली. पुण्यात प्लेगच्या काळात २२ जून १८९७ रोजी रँड या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्यानंतर सरकारने माहिती देणाऱ्यास २० हजार रुपयांचे बक्षीस जाहीर केले. चाफेकरांना ओळखणाऱ्या द्रविड बंधूंनी दिलेल्या माहितीवरून दामोदर हरी चाफेकर पकडले गेले आणि १८ एप्रिल १८९८ रोजी त्यांना फाशी झाली. पुढे ८ फेब्रुवारी १८९९ रोजी वासुदेव चाफेकर आणि महादेव रानडे यांनी द्रविड बंधूंना गोळ्या घातल्या, आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात त्या दोघांसह बाळकृष्ण चाफेकरही फासावर गेले. सरकारच्या लेखी द्रविड हे कायद्याला मदत करणारे नागरिक होते. लोकस्मृतीत त्यांची नोंद दुसऱ्याच रकान्यात झाली, आणि तिथून ती कोणी हलवलेली नाही.

खबऱ्या आणि ‘माफीचा साक्षीदार’ यांची पुष्कळदा गल्लत होते. माफीचा साक्षीदार हा स्वतः गुन्ह्यात सामील असतो, सगळे खरे सांगण्याच्या अटीवर न्यायालय त्याला माफी देते आणि तो भर न्यायालयात पिंजऱ्यात उभा राहून आपल्या साथीदारांविरुद्ध बोलतो. गांधी हत्येच्या खटल्यात पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे हा असा साक्षीदार होता. खबऱ्याचे अस्तित्व याच्या अगदी उलट गोष्टीवर, म्हणजे न दिसण्यावर, अवलंबून असते.

हे न दिसणे कागदावर कसे उतरते, ते पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रातील कोणत्याही पोलीस ठाण्यात छाप्यानंतर लिहिल्या जाणाऱ्या फिर्यादीत किंवा पंचनाम्यात, आज रोजी गुप्त बातमीदारामार्फत खात्रीशीर बातमी मिळाली की अमुक ठिकाणी एक इसम येणार आहे, अशा धाटणीचे वाक्य सुरुवातीलाच येते. त्यानंतर पंचांची नावे, त्यांची वये आणि व्यवसाय, इसमाच्या अंगावरील कपड्यांचे रंग, पिशवीचे वजन, नोटांचे क्रमांक असा बारीकसारीक तपशील ओळीने येत राहतो. ज्याच्यामुळे हे सगळे घडले त्याच्याविषयी मात्र त्या दोन शब्दांपलीकडे काही नसते, आणि हे मौन कायद्यानेच दिलेले आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १२५ नुसार गुन्ह्याची माहिती कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती दंडाधिकाऱ्यावर किंवा पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नसे, आणि सरकारी महसुलाविरुद्धच्या गुन्ह्यांत महसूल अधिकाऱ्यालाही हेच संरक्षण होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तीच तरतूद कलम १३१ म्हणून पुढे चालू आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानेही गोपनीय माहिती देणाऱ्याची ओळख उघड करणारी माहिती अपवादात टाकली आहे.

पैशाची बाजूही कागदावर आहे, पण निराळ्या भाषेत. सीमाशुल्क खाते तस्करीची माहिती देणाऱ्याला जप्त मालाच्या विक्रीतून व वसुलीतून २० टक्क्यांपर्यंत बक्षीस देऊ शकते; बेनामी मालमत्तेची माहिती देणाऱ्यांसाठी २०१८ साली जाहीर झालेल्या योजनेत ही मर्यादा १ कोटी रुपयांची आहे. या योजनांत ‘खबऱ्या’ हा शब्द अर्थातच कोठे नाही. पानाच्या टपरीवर उभे राहून शंभर-दोनशे रुपयांत टीप देणारा तो खबऱ्या, आणि कोटीची अपेक्षा धरून अर्ज भरणारा तो ‘माहिती देणारी व्यक्ती’.

‘टीप’ हा शब्द या संदर्भात इंग्रजीतून आला असला तरी मराठी कानाला तो परका वाटत नाही, कारण टिपणे, टिपण, टिपकागद हे सगळे गोत आधीपासून घरात होते. त्याच्या शेजारी वावरणाऱ्या आणखी दोन शब्दांचा खबऱ्याशी घोटाळा होऊ नये. ‘पंटर’ म्हणजे छाप्यापूर्वी पोलिसांनी गिऱ्हाईक म्हणून पाठवलेला बनावट माणूस. तो काही काळापुरता नट असतो. ‘झिरो पोलीस’ म्हणजे ज्याच्याकडे गणवेश नाही, बक्कल नंबर नाही आणि पगारपत्रकावर नाव नाही, तरीही जो पोलिसांच्या वतीने मिरवतो आणि वसुली करतो असा माणूस. खबऱ्या लपतो आणि झिरो पोलीस मिरवतो, एवढा फरक दोघांना वेगळे ओळखायला पुरेसा आहे.

इतर भाषांनीही खबऱ्याला बरी वागणूक दिलेली नाही. लंडनच्या गुन्हेगारी बोलीत त्याला ‘ग्रास’ म्हणजे गवत म्हणतात. याची सर्वांत प्रचलित उपपत्ती यमकाच्या खेळातून जाते: पोलिसासाठीच्या ‘कॉपर’ या बोली शब्दाशी यमक जुळणारा ‘ग्रासहॉपर’, म्हणजे नाकतोडा, घ्यायचा आणि मग त्याचे शेपूट तोडून टाकायचे. १९७३ मध्ये बर्टी स्मॉल्स या दरोडेखोराने डझनावारी साथीदारांची नावे दिली, तेव्हापासून ‘सुपरग्रास’ हा शब्द ब्रिटिश वृत्तपत्रांत रुळला. मराठी वाचकाला याहून जवळचा वाटावा असा शब्द ‘नार्क’ हा आहे. अनेक कोशकारांच्या मते तो युरोपातील रोमा लोकांच्या भाषेतील ‘नाक’ या शब्दावरून इंग्रजीत आला. रोमानी भाषा भारतीय आर्यभाषाकुळातली असल्याने तिच्यातले नाक आणि मराठीतले नाक एकच आहे. ही उपपत्ती धरली तर ब्रिटिश खबऱ्याचे नाव आपल्याच घरातून तिकडे गेले, असे म्हणावे लागते. आणि ‘नाक खुपसणे’ हा वाक्प्रचार जवळ असूनही मराठीला ते सुचले नाही, हे जरा नवलच.

‘या’ प्रत्ययाची मात्र मराठीत अलीकडे एक भरपाई झाली आहे. आपल्याच कार्यालयातील वा कंपनीतील गैरव्यवहार उघड करणाऱ्यासाठी इंग्रजी ‘व्हिसलब्लोअर’ला प्रतिशब्द हवा होता, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी गावगाड्यातला ‘जागल्या’ हा शब्द पुन्हा बाहेर काढला. जागल्या म्हणजे रात्री गावाची राखण करणारा, लोक झोपलेले असताना जागा राहणारा. शब्दाची घडण हुबेहूब खबऱ्यासारखी. पण ‘जागणे’ या क्रियेतच सद्गुण असल्यामुळे तो ‘या’ इथे टोचत नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे अभियंता सत्येंद्र दुबे यांनी महामार्गाच्या कामातील गैरव्यवहार पंतप्रधान कार्यालयाला कळवताना आपले नाव गुप्त राखावे अशी विनंती केली होती. ती पाळली गेली नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली, आणि अशा व्यक्तींच्या संरक्षणाची मागणी देशभर जोर धरू लागली. त्यासाठीचा कायदा २०१४ साली मंजूर झाला.

‘खबऱ्या’ या शब्दाचे सर्वांत भयानक रूप मुंबईच्या गल्ल्यांत नाही, गडचिरोलीच्या जंगलात आहे. एटापल्ली, भामरागड, धानोरा या भागांत गेल्या चार दशकांत नक्षलवाद्यांनी अनेक आदिवासी गावकऱ्यांना ‘पोलीस खबऱ्या’ ठरवून मारले. माणसाला रात्री घरातून उठवून नेले जाते, सकाळी गावाबाहेरच्या रस्त्यावर मृतदेह सापडतो आणि शेजारी दगडाखाली दाबून ठेवलेल्या पत्रकावर हे दोन शब्द लिहिलेले असतात. इथे हा शब्द चिडवण्याचा नाही, शिवीचाही नाही. तो निकालपत्राचा आहे. एरवी बोलीत वावरणारा हा शब्द इथे लिखित, जवळजवळ कायदेशीर परिभाषेसारखा होतो. संशयाला आधार म्हणून पोलीस ठाण्यात दाखल्यासाठी मारलेली फेरी किंवा शेजाऱ्याशी असलेले जुने भांडणही पुरू शकते.

अशा हत्येनंतर मृत व्यक्तीचा पोलिसांशी काहीही संबंध नव्हता, असे निवेदन पोलिसांकडून बहुधा प्रसिद्ध होते. ते खरे असले तरी मारणारे ते मानत नाहीत, कारण तो खरोखर खबऱ्या असता तरी निवेदन नेमके हेच निघाले असते. ज्या कलमाने खबऱ्याचे नाव झाकले, त्याच कलमामुळे जो खबऱ्या नाही त्याला तसे सिद्ध करणारा कागद कोणत्याही पोलीस ठाण्यातून मिळत नाही.